कबाबातली पपई, पेनिसिलिन आणि मामूंचा खोकला

बकरी ईदच्या दिवशी आमच्या घरात कच्ची पपई किसायचे काम लहान मुलांकडे असायचे. कुर्बानीचे गोश्त ताजे असते, त्याचे तंतू घट्ट असतात. नानी पपईचा कीस मटणाला चोळून ठेवायची आणि मग सारखी घड्याळाकडे बघायची. "जास्त वेळ राहिली तर कबाब सळईवर टिकणार नाही, गोश्ताचं पीठ होईल," असे ती बजावायची. कबाब मऊ व्हायचे. मात्र पपई किसणाऱ्याची बोटे चिकामुळे संध्याकाळपर्यंत चुरचुरत राहायची.

नानीला त्या चिकातल्या द्रव्याचे नाव माहीत नव्हते. त्याला पपेन म्हणतात आणि ते एक एन्झाइम आहे. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर असा शब्द आहे. एन्झाइम म्हणजे सजीवांनी तयार केलेले असे प्रथिन, जे एखादी रासायनिक क्रिया हजारो-लाखो पटींनी वेगाने घडवते आणि क्रिया संपल्यावर स्वतः शिल्लक राहते. पपेन प्रथिनांच्या साखळ्या कापते. गोश्त मऊ होते ते त्यामुळेच. खानदेशातल्या पपईच्या बागांमध्ये फळावर उभ्या चिरा देऊन हाच चीक गोळा करतात, वाळवतात आणि त्याची भुकटी औषध कारखान्यांना जाते.

माझे मामू १९८०च्या दशकात मुंबईजवळच्या एका औषध कारखान्यात कामाला होते. पचनाच्या गोळ्या बनवणाऱ्या विभागात ड्रममधली पिवळसर भुकटी काढायची, चाळायची आणि मिक्सरमध्ये ओतायची, हे त्यांचे काम. पहिले वर्ष-दीड वर्ष काही झाले नाही. मग नाक वाहू लागले, शिंका येऊ लागल्या आणि पुढे रात्री खोकला. रात्री दोन-तीन वाजता उठून ते भिंतीला टेकून बसायचे. मामी सांगायची, छातीत शिटी वाजते. रमजान ईदला आठवडाभर गावी आले की खोकला नाहीसा व्हायचा. कामावर परतले की चार दिवसांत पुन्हा सुरू.

कुणी मुंबईच्या हवेला दोष दिला. खालाने नजर उतरवली. डॉक्टरांनी बिडीबद्दल विचारले, पण मामूंनी बिडी कधी ओढली नव्हती. शेवटी त्यांनी नोकरी सोडली आणि रिक्षा घेतली. त्यांची नीट तपासणी कधी झाली नाही, त्यामुळे आज मी त्यांच्या आजाराचे निदान सांगायला बसलेलो नाही. मात्र औषधनिर्मितीतल्या एन्झाइमांचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा त्यात असेच वर्णन पुन्हा पुन्हा भेटले: आधी काही महिने शांतता, मग नाक, मग छाती, सुट्टीत आराम, कामावर त्रास. ते वर्णन डॉक्टरांनी मामू नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधी लिहून ठेवले होते. हा लेख त्या इतिहासाबद्दल आहे.

डुकराच्या जठरापासून जपानी बुरशीपर्यंत

एन्झाइम वेगळे काढण्याची सुरुवात १८३३ साली झाली. फ्रान्समधले पायेन आणि पेर्सो या दोघांनी मोड आलेल्या जवापासून एक द्रव्य मिळवले. ते पिष्टाचे साखरेत रूपांतर करत होते. त्यांनी त्याला डायास्टेज हे नाव दिले. तीन वर्षांनी जर्मन शास्त्रज्ञ श्वान यांनी जठरात प्रथिने पचवणारे द्रव्य दाखवून दिले. ते पेप्सिन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेप्सिन औषध म्हणून बाटल्यांतून विकले जाऊ लागले. ते मुख्यतः डुकराच्या जठरापासून काढले जाई, कारण खाटीकखान्यात तो माल मुबलक आणि स्वस्त होता.

बुरशीपासूनही एन्झाइम मिळू शकते हे व्यापारात सिद्ध केले जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने. जपानमध्ये सोया सॉस आणि साके बनवताना कोजी नावाची बुरशी वाढवतात. ताकामिने यांनी अमेरिकेत तीच बुरशी गव्हाच्या कोंड्यावर वाढवली, तिच्यातून डायास्टेज काढले आणि १८९४ साली त्याचे पेटंट मिळवले. पार्क-डेव्हिस कंपनीने ते ‘ताका-डायास्टेज’ या नावाने पचनाचे औषध म्हणून विकले. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पचनाच्या गोळ्या आणि सिरपांत बुरशीपासून काढलेले डायास्टेज असते, ती हीच परंपरा.

या काळात प्रश्न विचारला जाई तो एवढाच: औषध रुग्णाला लागू पडते की नाही? भुकटी चाळणाऱ्या माणसाबद्दल कुणी विचारत नव्हते.

पेनिसिलिन कापणारी कात्री

विसाव्या शतकाच्या मध्यात एन्झाइमची भूमिका बदलली. आता ते स्वतः औषध न राहता औषध बनवण्याचे हत्यार झाले. याचे सर्वांत मोठे उदाहरण पेनिसिलिनचे आहे.

आपल्याकडे पेनिसिलिनचे नाव पिंपरीशी जोडलेले आहे. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना तिथे उभा राहिला आणि पुढच्या वर्षी पेनिसिलिन बनू लागले. मात्र तोवर जगभर एक अडचण समोर आली होती. अनेक जिवाणूंना पेनिसिलिनची सवय होऊन ते त्याला दाद देईनासे झाले होते. शिवाय साधे पेनिसिलिन जठरातल्या आम्लात टिकत नसे, म्हणून ते सुईनेच द्यावे लागे.

इंग्लंडमध्ये बीचम कंपनीच्या संशोधकांनी यातून वाट काढली. पेनिसिलिनच्या रेणूचा एक गाभा असतो आणि त्याला एक बाजूची साखळी जोडलेली असते. साखळी बदलली की औषधाचे गुण बदलतात. १९५९ साली त्यांनी हा गाभा वेगळा मिळवल्याचे जाहीर केले. त्याचे रासायनिक नाव सिक्स-अमिनोपेनिसिलॅनिक ॲसिड. कारखान्यात सगळे त्याला सिक्स-एपीए म्हणतात. या गाभ्याला नवी साखळी जोडून १९६१ साली ॲम्पिसिलिन आले आणि पुढे १९७२ साली ॲमॉक्सिसिलिन. घरातल्या मुलाचा कान दुखला की डॉक्टर जे गुलाबी सिरप लिहून देतात, ते बऱ्याचदा याच घराण्यातले असते.

गाभ्याला धक्का न लावता जुनी साखळी कापायची कशी? १९६०च्या सुमारास अनेक संशोधक गटांना जिवाणूंमध्ये हे नेमके काम करणारे एन्झाइम सापडले: पेनिसिलिन असायलेज. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूच्या काही जातींत ते असते. ते साध्या पाण्यात, शरीराच्या तापमानाच्या आसपास काम करते. पुढे रासायनिक पद्धतही निघाली. तिच्यासाठी उणे ४० अंशांपर्यंत थंड केलेली टाकी, फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि क्लोरीनयुक्त द्रावके लागत. काही वर्षे ती पद्धत स्वस्त पडली. अखेरीस एन्झाइमचीच सरशी झाली आणि विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत जगातले बहुतेक सिक्स-एपीए एन्झाइमने बनू लागले. विषारी रसायने आणि दूषित सांडपाणी कमी झाले. मात्र एन्झाइम पद्धतीचा स्वतःचा एक धोका होता आणि तो लवकरच समोर आला.

औषधात उरलेले कण

सुरुवातीच्या पद्धतीत जिवाणूंच्या पेशी किंवा त्यांचा अर्क थेट पेनिसिलिनच्या द्रावणात मिसळत. काम झाल्यावर गाळून घेत. गाळले तरी काही प्रथिने द्रावणात उरत.

१९६७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याबद्दल लेख आले. त्यातला एक बीचमच्याच संशोधकांचा होता. पेनिसिलिनमध्ये आणि सिक्स-एपीएमध्ये प्रथिनांचे सूक्ष्म अंश राहतात, त्या प्रथिनांना पेनिसिलिनचे रेणू चिकटतात आणि ही जोडगोळी ॲलर्जीला कारण ठरू शकते, असे त्यांनी दाखवले. पेनिसिलिनची ॲलर्जी संपूर्णपणे या अशुद्धीमुळे होते असा याचा अर्थ नव्हता. शुद्ध पेनिसिलिनही शरीरातल्या प्रथिनांना चिकटून ॲलर्जी घडवू शकते. म्हणूनच आजही डॉक्टर पेनिसिलिन देण्याआधी आपल्याला विचारतात. मात्र उत्पादकांना एक गोष्ट कळून चुकली: एन्झाइमने काम करावे आणि मग औषधातून बाहेर पडावे. ते बाहेर पडले की नाही हे तपासण्याची जबाबदारी कारखान्याची.

यावर तोडगा निघाला तो एन्झाइमला बांधून ठेवण्याचा. एन्झाइम एखाद्या न विरघळणाऱ्या मण्यावर पक्के चिकटवायचे, ते मणी टाकीत किंवा नळकांड्यात भरायचे आणि त्यांवरून औषधाचे द्रावण सोडायचे. एन्झाइम जागच्या जागी काम करते, द्रावण पुढे निघून जाते आणि मणी पुन्हा वापरता येतात. १९६९ साली जपानच्या तानाबे सेयाकू या औषध कंपनीत इचिरो चिबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही युक्ती पहिल्यांदा कारखान्याच्या प्रमाणावर वापरली. ते अमिनो ॲसिड बनवत होते. १९७०च्या दशकात पेनिसिलिन असायलेजही असेच बांधले गेले.

आपल्या पुण्यातही या एन्झाइमवर बरेच काम झाले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी त्यावर दीर्घकाळ संशोधन केले आणि १९९९ साली इंग्लंडमधल्या यॉर्कच्या संशोधकांसोबत पेनिसिलिन व्ही असायलेज या त्याच्या भावंडाची त्रिमिती रचना प्रसिद्ध केली.

एन्झाइम बांधण्यामागचा पहिला हेतू पैशाचा होता, हे मान्य केले पाहिजे. एन्झाइम महाग असते आणि एकदा वापरून फेकणे परवडत नाही. पण त्या हिशेबातून रुग्णाचा मोठा फायदा झाला. आणखी एक फायदा झाला: ओल्या मण्यांची धूळ उडत नाही. ही धूळ किती महत्त्वाची आहे, ते त्याच १९६९ साली दुसऱ्या एका देशात, दुसऱ्याच धंद्यात उघड झाले.

साबणाच्या कारखान्यातला धडा

१९६०च्या दशकात युरोपात कपडे धुण्याच्या पावडरीत एन्झाइम घालायची लाट आली. डेन्मार्कची नोवो कंपनी जिवाणूंपासून प्रथिने कापणारे एन्झाइम बनवत होती. रक्ताचे, अंड्याचे, घामाचे डाग त्याने सहज निघत. ते अगदी बारीक, कोरड्या भुकटीच्या रूपात पोत्यांतून कारखान्यात येई आणि उघड्यावर मिसळले जाई.

जून १९६९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉक्टर फ्लिंट यांचा लेख आला. अशा पावडरीच्या कारखान्यातल्या कामगारांना खोकला, धाप आणि छातीत घरघर होत होती. सोबतच पेपिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख होता. त्यांनी तपासण्यांमधून दाखवले की हा त्रास एन्झाइमच्या ॲलर्जीमुळे होतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पपईने गोश्त मऊ होते तसे एन्झाइम फुप्फुस ‘पचवते’ म्हणून हा आजार होतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात दमा होतो तो शरीराच्या प्रतिकारयंत्रणेमुळे. एन्झाइम हे परके प्रथिन. श्वासातून ते वारंवार आत गेले की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. या तयारीला काही आठवडे लागतात, कधी काही वर्षे. तोवर माणसाला काहीच जाणवत नाही. एकदा तयारी पूर्ण झाली की अगदी थोडी धूळही श्वासनळ्या आवळायला पुरेशी होते. ‘इतकी वर्षे करतोय, मला काही होत नाही’ हे वाक्य या आजाराच्या बाबतीत म्हणूनच फसवे आहे.

बातमी पसरली तेव्हा गिऱ्हाइकांनाही भीती वाटली. अमेरिकेत बराच गाजावाजा झाला आणि १९७१ साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने या विषयावर अहवाल दिला. घरी कपडे धुणाऱ्यांना धोका फार कमी होता. खरा भार कारखान्यातल्या माणसांवर होता.

त्यानंतर साबण उद्योगाने जे बदल केले, ते आजही एन्झाइम सुरक्षितपणे हाताळण्याचा पाया मानले जातात. पहिला बदल मालाच्या रूपात झाला. बारीक भुकटीऐवजी मेणासारख्या द्रव्याचे आवरण असलेले जाडसर दाणे आले किंवा एन्झाइम द्रवरूपात येऊ लागले. दुसरा, मिसळण्याची यंत्रे बंदिस्त झाली आणि जिथे पोते उघडते तिथेच हवा खेचून घेणारे पंखे आले. तिसरा, झाडू आणि हवेचा झोत यांवर बंदी. सांडलेली भुकटी झाडली किंवा फुंकली की ती हवेत तरंगते, म्हणून ओल्या फडक्याने किंवा बारीक गाळणी असलेल्या व्हॅक्यूमने उचलायची. चौथा, कामगारांची नियमित तपासणी: श्वासाची क्षमता आणि ॲलर्जीची चाचणी, म्हणजे दमा होण्याआधीच शरीराची बदललेली चाल कळावी. मास्कचा नंबर या सगळ्यानंतर लागतो. मास्क उरलेल्या धोक्यासाठी असतो.

हवेत किती एन्झाइम चालेल याचीही मर्यादा ठरली. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने साबणातल्या सब्टिलिसिन या एन्झाइमसाठी दर घनमीटर हवेत ६० नॅनोग्रॅम ही कमाल मर्यादा घातली. ब्रिटनमध्ये ती ४० नॅनोग्रॅम आहे. हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा तर १५ फूट लांब, १४ फूट रुंद आणि १० फूट उंच अशी खोली घ्या. तिच्यात साधारण ६० घनमीटर हवा मावते. तेवढ्या हवेत ६० नॅनोग्रॅमच्या हिशेबाने एकूण ३.६ मायक्रोग्रॅम एन्झाइम झाले की मर्यादा गाठली. साखरेच्या एका दाण्याचे शंभर भाग केले, तर त्यातल्या एका भागाहूनही हे वजन कमी भरेल. डोळ्यांना धूळ दिसली, म्हणजे मर्यादा कधीच ओलांडली गेली आहे.

जिथे एन्झाइम बांधता येत नाही

आता पुन्हा औषधाकडे येऊ. पेनिसिलिनच्या कामात एन्झाइम हे हत्यार आहे, म्हणून ते मण्यावर बांधता येते. पचनाच्या गोळीत एन्झाइम हेच औषध आहे. ते रुग्णाच्या पोटात जायचे असते, त्यामुळे ते बांधून ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. ते कोरडे, बारीक आणि सक्रिय राहावे लागते. मामू ज्या विभागात होते, तिथला धोका या कारणामुळे जास्त असतो.

आणि ही गोष्ट नवी नव्हती. १९७५ साली ब्रिटनच्या औद्योगिक वैद्यकाच्या नियतकालिकात पपेनची धूळ श्वासात गेल्याने होणाऱ्या दम्याचे वर्णन छापून आले. १९७८ साली फ्लिंट यांनीही पपेनच्या धोक्याबद्दल लिहिले. याच दशकात आणखी एक वेदनादायक गोष्ट नोंदली गेली. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात मुलांचे स्वादुपिंड पाचक रस पुरेसा देत नाही. त्या काळी अशा मुलांच्या खाण्यात स्वादुपिंडाच्या अर्काची भुकटी मिसळून देत. मुलाच्या ताटात रोज ती भुकटी टाकणाऱ्या काही आई-वडिलांना आणि परिचारिकांना दमा जडला. पुढे ही औषधे कॅप्सूलमध्ये, आवरण असलेल्या बारीक गोळ्यांच्या रूपात येऊ लागली. त्यामुळे औषध आतड्यात पोहोचेपर्यंत टिकू लागले आणि धूळही कमी झाली.

खुद्द बांधण्याच्या पद्धतीतही सावधगिरी लागते. एन्झाइम मण्याला चिकटवायला बऱ्याचदा ग्लुटराल्डिहाइड हे रसायन वापरतात. त्याची वाफही दमा घडवू शकते. मणी झिजले तर एन्झाइम सुटून औषधात जाते, म्हणून प्रत्येक खेपेत उरलेल्या प्रथिनाची चाचणी करावी लागते. आणि पेनिसिलिनची धूळ स्वतःच ॲलर्जी घडवते, म्हणून त्याचे उत्पादन इतर औषधांपासून वेगळ्या इमारतीत, वेगळ्या हवेच्या यंत्रणेवर करायचा नियम आपल्या देशातही आहे. सुरक्षितता अशी एकेक पायरी तपासत न्यावी लागते.

माल कुठून आला?

आपल्या समाजात औषधातल्या एन्झाइमबद्दल एक प्रश्न हमखास विचारला जातो: हे डुकराचे आहे का? तो प्रश्न योग्य आहे आणि इतिहासात त्याला आधार आहे. पेप्सिन, ट्रिप्सिन, स्वादुपिंडाचा अर्क यांचा मोठा वाटा डुकरापासून आला. १९८०च्या दशकात नोवोने डुकराच्या इन्सुलिनचे माणसाच्या इन्सुलिनमध्ये रूपांतर करून विकले. दोहोंत फक्त एका अमिनो ॲसिडचा फरक आहे आणि तो बदलायला ट्रिप्सिन हे एन्झाइमच कामी आले.

फिकहमध्ये यावर इस्तिहाला हा विचार आहे: पदार्थाचे मूळ रूप पूर्णपणे पालटले तर त्याचा हुकूमही बदलतो का? हनफी परंपरेत हे तत्त्व व्यापकपणे मानले जाते, शाफई परंपरेत त्याची चौकट अरुंद आहे. देशावरचे बहुसंख्य मुस्लिम हनफी आणि कोकणातले बरेच शाफई, त्यामुळे महाराष्ट्रातच दोन उत्तरे ऐकू येतात. १९९५ साली कुवेतच्या इस्लामी वैद्यकशास्त्र संस्थेने भरवलेल्या परिषदेत फकीह आणि डॉक्टर एकत्र बसले आणि रूप पालटलेल्या पदार्थांबाबत सवलतीच्या बाजूने मत दिले. फतवा देणे माझे काम नाही, ते जाणकारांना विचारावे.

मला इथे वेगळी गोष्ट सांगायची आहे. ‘माल कुठून आला’ हा प्रश्न विज्ञानालाही विचारावा लागला. २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी नव्या जनुकीय तंत्राने काही लसी तपासल्या. रोटाव्हायरसच्या रोटारिक्स या लसीत त्यांना डुकरांमध्ये आढळणाऱ्या एका विषाणूचे जनुकीय अंश सापडले. शोध घेता लसीसाठी पेशी वाढवताना वापरलेल्या डुकराच्या ट्रिप्सिनकडे बोट गेले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्चमध्ये लसीचा वापर थांबवला. तो विषाणू माणसाला आजार करतो असे आढळलेले नाही, म्हणून मे महिन्यात वापर पुन्हा सुरू झाला. लस घेतलेल्या मुलांना त्यापासून अपाय झाला नाही. मात्र प्राण्यापासून आलेले एन्झाइम आपल्यासोबत न मागितलेले पाहुणे आणू शकते, हे सगळ्यांनी पाहिले.

आज जिवाणू किंवा यीस्टमध्ये जनुक घालून बनवलेले ट्रिप्सिन मिळते, मक्यापासून बनवलेलेही निघाले. विषाणूची भीती टळते आणि आपल्या मनातली शंकाही.

तीन प्रश्न

हा सगळा इतिहास तीन प्रश्नांत मावतो. एन्झाइम कुठून आले? काम झाल्यावर ते औषधात उरले का? आणि ते हाताळताना कुणाच्या श्वासात गेले?

पहिला प्रश्न आपण मशिदीत विचारतो, व्हॉट्सॲपवर विचारतो, औषधाच्या दुकानातही विचारतो. दुसरा प्रश्न डॉक्टर आणि औषध प्रशासन विचारतात. तिसरा प्रश्न विचारणारे फार थोडे आहेत. गोळी रुग्णासाठी पाक आहे की नाही याची चौकशी करणाऱ्या आपण, ती बनवणाऱ्याची छाती शाबूत राहिली की नाही याचीही चौकशी करायला हवी. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्याचा श्वास शाबूत राखणेही त्याच्या हक्काचाच भाग आहे.

आपल्या मोहल्ल्यातली कितीतरी मुले आज बी. फार्म. करून किंवा आयटीआय करून औषध कारखान्यांत जातात. त्यांच्यापैकी कुणी एन्झाइमच्या विभागात असेल, तर त्याने चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सांडलेली भुकटी झाडू किंवा फुंकू नये. कपडे कारखान्यातच बदलावेत, भुकटी घरी आणू नये. नाक वाहणे, शिंका, रात्रीचा खोकला सुरू झाला आणि सुट्टीत कमी झाला, तर त्याच्या तारखा वहीत लिहाव्यात. आणि डॉक्टरांकडे गेल्यावर आजारासोबत आपण काय काम करतो, कोणती भुकटी हाताळतो, हेही आपणहून सांगावे. वेळेवर कळले आणि त्या धुळीपासून माणूस दूर झाला, तर दमा पुष्कळदा आटोक्यात येतो. उशीर झाला तर तो कायमचा राहू शकतो.

मामू आता सत्तरीला आले आहेत. पंप खिशात असतो. गेल्या बकरी ईदला मी त्यांना १९७५ सालच्या त्या लेखाबद्दल सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे मी तिथं लागायच्या आधीच हे लिहिलेलं होतं?"

मी हो म्हणालो. स्वयंपाकघरात मुले पपई किसत होती. मामू म्हणाले, "मग कारखान्यात कुणीतरी वाचायला हवं होतं."